मदत हवी आहे: सीओटू मशीन घेतल्यापासून आम्ही दोघं भाऊ आजारी, जॉबला जाळी, वरून बॉडीला करंट

तर्री_पोहे

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचतो, लिहून राहिलो पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

उमरेड रोडला आमचं छोटं शेड आहे. ग्रिल, गेट, जिने, आणि होळी झाली की कूलरचे स्टँड. नागपुरात ज्याच्या घरी कूलर नाही असा माणूस शोधून दाखवा, त्यामुळे मार्च ते मे आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. १४ वर्षं रॉडवरच वेल्डिंग केलं. यंदा ऑर्डर वाढल्या म्हणून वापरलेलं सीओटू मशीन घेतलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस आणि तारेवर चालणारं वेल्डिंग मशीन. २५० अँपिअर, थ्री फेज. विकणारा म्हणाला, "बटण दाबा, तार आपोआप येते, कालचा पोट्टाही चालवेल." चालवायला सोपं खरं, पण महिनाभरात हे प्रकार झाले:

संध्याकाळी घरी गेलो की थंडी वाजते. मे महिन्यात, नागपुरात, गोधडी! अंग ठेचल्यासारखं, तोंडात गोडूस-कडवट लोखंडी चव, मग ताप. सकाळी उठलो की काही नाही, टुणटुणीत. चार वेळा झालं. धाकट्या भावालाही दोनदा. आई म्हणते ऊन लागलं. पन्हं झालं, कांदा खिशात झाला. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या.

दुसरं, टाका (वेल्डिंगचा जोड) वरून सुरेख दिसतो, पण ग्राइंडर मारला की आत जाळी, म्हणजे बारीक भोकं. रॉडला असं कधी झालं नाही. गॅस वाढवून वाढवून मिनिटाला २५ लिटरवर नेला तरी तेच.

तिसरं, मशीनच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. फार नाही, पण घामेजल्या हाताला चांगलं जाणवतं.

आणि आमच्या हाताखालच्या पोट्ट्याचे डोळे. परवा रात्री दोन वाजता फोन, "भाऊ, डोळ्यात वाळू गेली, उघडत नाही." त्याच्या आजीने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या.

मशीनच खराब मिळालं का? विकून टाकू का?

फिटर_काका

भाऊ, विकायचं नंतर बघू. आधी उठा आणि मेन स्विच खाली पाडा. झिणझिण्या येणाऱ्या मशीनवर एक टाकाही मारायचा नाही, ऑर्डर गेली खड्ड्यात. "फार नाही" म्हणता ते तुमचे हात कोरडे आणि पायात बूट असतील तोवर.

तीन गोष्टी पाहून सांगा. बोर्डापासून मशीनपर्यंतची केबल किती कोअरची, म्हणजे आत किती तारा आहेत? कूलर शेडमध्ये कुठे ठेवलाय, हवा कुठून कुठे जाते? आणि ताप कोणत्या वारी आला, आठवतं का? हसू नका, वार सांगा.

झिरो_माईल

जाळीचं उत्तर मी न बघता देतो. कूलर तुमच्या पाठीमागे आहे आणि फुल स्पीडवर आहे. 😄

सीओटूच्या टाक्याला वाऱ्यापासून वाचवणारा फक्त गॅस असतो. रॉडला वरून लेपाची (फ्लक्सची) साय येते, ती वाऱ्याने उडत नाही. इथे नोझलमधून येणारा गॅस कूलरच्या एका झोताने बाजूला झाला की हवेतला नायट्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि थिजताना बुडबुडे करतो. गॅस वाढवून उलट बिघडतं. २५ लिटरला नोझलमधून भोवरा निघतो आणि तोच बाहेरची हवा आत ओढतो. १२ ते १५ लिटर ठेवा आणि वारा अडवा. नोझलमध्ये स्पॅटर (उडालेल्या लोखंडाचे थेंब) साचलाय का तेही बघा.

तर्री_पोहे

काका, स्विच पाडला. आता ऐका.

केबल तीन कोअरची आहे. आमच्या इलेक्ट्रिशियनने उघडून दाखवली, तिन्ही तारा तीन फेजला गेल्यात. अर्थच्या टर्मिनलला काहीच नाही, नुसता स्क्रू, त्यावर कोळ्याचं जाळं. जुन्या मालकाने असंच चालवलं म्हणायचं.

कूलर माझ्या पाठीमागेच आहे. झिरो माईल, तुम्ही आमच्या शेडमध्ये येऊन गेलात का हो?

आणि वार. काका, हात जोडले. डायरीत रोजची मजुरी लिहितो, ती काढली. चारपैकी तीन वेळा सोमवार. चौथा मंगळवार, पण त्या सोमवारी लाईटच नव्हती, मशीन बंद होतं. रविवारी आम्ही सुट्टी घेतो. हे काय गौडबंगाल आहे?

संत्रा_बर्फी

मी बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात दवाखाना सांभाळते, म्हणून मध्येच बोलते.

दादा, तुम्ही स्टँड जीआय पाइपचे करता ना? मग ऊन नाही आणि व्हायरलही वाटत नाही. जीआयवर जस्ताचा थर असतो. जस्त साधारण ९०७ अंशाला उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागतात. म्हणजे टाका बसायच्या आधीच जस्ताची वाफ होऊन हवेत पांढरा धूर तयार. तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची चव. बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात आणि सोमवारचा ताप हेही त्याचं जुनं नाव आहे. रोज धूर घेतला की शरीर तात्पुरतं सरावतं, एक दिवस सुट्टी मिळाली की तो सराव मोडतो आणि पहिल्या दिवशी परत तडाखा. सरावणं म्हणजे धूर बाधत नाही असं नाही हं.

मात्र दम लागला, छातीत दुखलं, खोकला वाढला किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही तर थांबू नका. मेयो जवळ पडो की मेडिकल, सरकारी दवाखान्यात जा, आणि पहिलं वाक्य "मी जीआय वेल्डिंग करतो" हेच बोला. तुम्ही हे सांगितलंच नसेल, तर डॉक्टर व्हायरलच म्हणणार. आणि भर उन्हात काम करताना ताप येऊन कोणी बरळायला लागलं तर तो उष्माघात समजून लगेच हलवा, तिथे धुराचा विचार करत बसू नका.

पोट्ट्याच्या डोळ्यांना आर्क, म्हणजे वेल्डिंगचा प्रखर प्रकाश, लागलाय. कातडी उन्हाने भाजते तसा बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो, आणि दुखणं सहा ते बारा तासांनी सुरू होतं, म्हणून फोन रात्रीच येतो. बटाटा, गुलाबपाणी, मध काही घालू नका, जंतुसंसर्ग व्हायचा. गार पाण्याची स्वच्छ पट्टी बंद डोळ्यावर, अंधारी खोली, आणि डोळ्यांचे डॉक्टर. दुकानातून सुन्न करणारे थेंब आणून परत परत घालणं सगळ्यात वाईट, त्याने जखम भरत नाही. तो काच वापरतो की नाही?

तर्री_पोहे

ताई, खरं सांगायचं तर तो वेल्डिंग करत नाही, पाइप धरतो. टाका मारताना डोळे मिटून मान फिरवतो. आम्ही सगळे तसेच शिकलो.

संत्रा_बर्फी

म्हणजे आता कळलं. रॉडला दोन टाके मारून थांबता, त्याला मान फिरवायला वेळ मिळतो. या मशीनला थांबाच नाही. आणि जीआयचा चकचकीत पाइप आरशासारखा प्रकाश फेकतो. धरणाऱ्यालाही पूर्ण स्क्रीन, नाहीतर पाइप धरायला क्लॅम्प.

गूळ_खा_मस्त_राहा

इतकं काय घाबरवता. आमचे वडील ४० वर्षं वेल्डिंग करत होते, संध्याकाळी गुळाचा खडा आणि पेलाभर दूध. धूर साफ. तोंडाला ओला दुपट्टा गुंडाळायचा, झालं.

फिटर_काका

गूळ मीही खातो, गोड लागतो म्हणून. पण गूळ जातो पोटात आणि धूर जातो फुप्फुसात, दोघांची गाठ पडत नाही बावा. दुपट्टा उन्हासाठी ठीक. वेल्डिंगच्या धुराचे कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात, दुपट्ट्याची वीण त्यांच्यापुढे म्हणजे डासाला ग्रिलचा दरवाजा. मास्क एन ९५ च्या खालचा नको, आणि दाढी असेल तर तोही बसत नाही.

आता तर्री भाऊ, तुमच्याशी निवांत बोलतो. मशीन खराब नाही. रॉडच्या सवयी तशाच या मशीनवर आल्या, घोळ तिथे आहे. रॉड मिनिट-दीड मिनिटात संपतो, मग तुम्ही मान वर करता, नवा रॉड लावता, स्लॅग (टाक्यावरचा कडक थर) झाडता. तेवढ्यात धूर निघून जातो. सीओटूला ट्रिगर दाबला की दाबलेला, आणि माणूस वाकून डोकं धुराच्या खांबात घालून बसतो. त्यात पाठीमागून कूलर. पाठीवर आदळलेली हवा दोन्ही बाजूंनी वळसा घालून तुमच्या छातीपुढे गोल फिरते आणि धूर तोंडाशीच घोळवते. तुम्ही थंडाव्यासाठी लावलात, त्याने टाकाही बिघडवला आणि तुम्हालाही. कूलर बाजूला न्या, झोत जॉबवर (वेल्डिंग चालू असलेल्या तुकड्यावर) नको. धूर ओढणारा पंखा जॉबपासून फूटभर अंतरावर लावा. फुंकण्यापेक्षा ओढणं बरं. आणि कूलरखालचं ओघळलेलं पाणी पुसा हो, त्या ओल्या फरशीवर उभं राहून तुम्ही बिनअर्थचं मशीन चालवत होतात!

अर्थबद्दल एक. आपल्याकडे जॉबला लावायच्या चिमट्यालाही "अर्थ" म्हणतात आणि जमिनीतल्या अर्थिंगलाही "अर्थ". या एका शब्दाने माणसं मेलीत. चिमटा म्हणजे वेल्डिंगचा करंट मशीनकडे परत न्यायची वाट, तो तुम्हाला वाचवत नाही. वाचवते ती बॉडीला लावलेली अर्थिंगची तार. थ्री फेजला बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग लागतात. चार कोअरची केबल घ्या, दुसरी अर्थिंग स्वतंत्र ओढा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थचा रेझिस्टन्स मोजून घ्या. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, पाणी घालत जा. आणि चिमटा शेडच्या खांबाला लावून दूर काम करत असाल तर बंद करा. करंट मग खांब, चेनपुली, ग्राइंडरची अर्थ वायर अशा मिळेल त्या वाटेने परततो आणि वायर आतल्या आत जाळतो. चिमटा जॉबलाच, टाक्याजवळ, रंग-गंज घासून.

सिलिंडर कुठे ठेवता? पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होतं माहीत आहे ना. सीओटू ३१ अंशाच्या वर द्रव राहतच नाही, मग प्रेशर भराभर चढतं. सावलीत, उभा, साखळीने बांधून. पेसोचं (सिलिंडर-स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याचं) मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, आणि अर्ध्या शहरात सिलिंडर लाथेने लोळवत नेतात. गॅस गळला तर तो हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचतो. टाकीत किंवा खड्ड्यात बसून काम कधी एकट्याने नाही.

आणि पोट्ट्याला आजच एक गोष्ट सांगा: तार अडकली की टॉर्च (तार सोडणारी वेल्डिंगची बंदूक) तोंडासमोर धरून ट्रिगर दाबायचा नाही. तार सुईसारखी सुटते. मी तळहाताच्या आरपार गेलेली पाहिलीय, ०.८ मिलिमीटरची, मागून टोक बाहेर. टिप जमिनीकडे, मगच ट्रिगर.

झिरो_माईल

काका, एक राहिलं. कूलर स्टँड करता म्हणजे शेडमध्ये वाळ्याच्या ताट्या आणि वूड वूल (कूलरच्या जाळीतलं लाकडाच्या कात्रणांचं गवत) असणारच. मे महिन्यात ते रॉकेल ओतल्यासारखं पेटतं. स्पॅटर आणि ग्राइंडरच्या ठिणग्या ३०-३५ फूट जातात. काम संपल्यावर लगेच कुलूप लावू नका, अर्धा-एक तास कोणीतरी थांबा.

तर्री_पोहे

पाच दिवसांनी लिहून राहिलो. चार कोअर टाकली, दोन अर्थिंग केल्या, झिणझिण्या गेल्या. ताट्या मागच्या खोलीत हलवल्या. कूलर बाजूला, गॅस १२ वर. काल गेटचा टाका ग्राइंड केला, आत गच्च लोखंड, एक भोक नाही. आवाजही बदलला, आधी फटफट व्हायचा, आता मोहरी तडतडावी तसा सलग. पोट्ट्याला ११ नंबरची ऑटो काच (आपोआप काळी होणारी) दिली, रील बनवून टाकली त्याने. डोळे बरे आहेत.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला, म्हणून वेल्डिंग पहाटे साडेपाच ते दहा, दुपारी फक्त कटिंग आणि माप. सोमवार कोरडा गेला, ताप नाही. पण तेव्हा जीआय केलंच नव्हतं. गिऱ्हाईक मात्र जीआयच मागतं, कूलरचं पाणी पडून काळा (बिनजस्ताचा) पाइप सडतो म्हणून. त्याचं काय करू?

फिटर_काका

शक्य तिथे काळा पाइप, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर रंग. जीआय करावंच लागलं तर टाक्याच्या जागी दोन्ही बाजूंनी इंचभर जस्त ग्राइंडरने उतरवा, राखाडी थर जाऊन पांढरं लोखंड दिसेपर्यंत. पाइपच्या आतूनही, जिथवर हात पोचतो तिथवर. ग्राइंड करताना मास्क. वेल्ड थंड झाल्यावर त्या जागी झिंकचा पेंट. वेळ जास्त लागतो, तो दरात धरा. स्टँडमागे किती धरायचा ते पहिले दोन करून मग ठरवा, आत्ता अंदाजाने बोललात तर नुकसान तुमचंच.