वजन उतरवताना आंबा, केळं, सीताफळ: आपापले अनुभव सांगा

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा देवगडहून पेटी घेऊन आले. दर वर्षीसारखीच, स्वतःच्या हाताने पेंढ्यात आंबे लावून भरलेली. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी एक आंबा कापला, फोडी बशीत घातल्या आणि बशी माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, "नको बाबा, डाएट चाललंय माझं." ते काहीच बोलले नाहीत. फोडी आईने खाल्ल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला एका वजन कमी करण्याच्या केंद्रातून छापील कागद मिळाला होता. त्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं: आंबा, केळं, चिकू, सीताफळ, द्राक्षं बंद. का बंद, किती बंद, कधीपर्यंत बंद, काही नाही. मी तीन महिने तो कागद पाळला. रोज पपई आणि कलिंगड खाल्लं, आणि संध्याकाळी सहाला भूक लागली की शेव-कुरमुरे.

बाबा परत गेले त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला. हापूसचा एक आंबा सालीकोयीसकट २४० ग्रॅम भरला. साल आणि कोय काढून गर उरला जेमतेम १५५ ग्रॅम. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण ६० कॅलरी असतात, म्हणजे अख्ख्या आंब्याच्या नव्वदेक झाल्या. मग तीस ग्रॅम कणकेचा एक फुलका मोजला, त्याच्या शंभर आल्या. ज्या आंब्यासाठी मी बाबांची बशी परत सरकवली, तो एका फुलक्याएवढाही नव्हता.

त्या दिवसापासून मे संपेपर्यंत रोज दुपारी एक आंबा खाल्ला आणि दुपारच्या तीन फुलक्यांतला एक कमी केला. बाकी काहीही बदललं नाही. जानेवारीत माझं वजन ७४.५ होतं, मेअखेर ७०.२ आणि दिवाळीत ६७. आंब्याच्या त्या मे महिन्यातही नऊशे ग्रॅम उतरलं.

आता तुम्ही लिहा. कोणतं फळ, किती, कधी, कशाच्या बदल्यात, आणि काट्याने काय सांगितलं. जमलं नसेल तर तेही लिहा, त्याचा इतरांना जास्त उपयोग होईल. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र इथलं वाचून परस्पर काही बदलू नये. केळ्यातलं पोटॅशियम काही रुग्णांना चालत नाही, डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

रावेर तालुका, केळीवाल्यांच्या घरातून

आमच्याकडे केळी डझनाने येत नाही ताई, घडच येतो. ओसरीत टांगलेला असतो, येता-जाता हात जातो. तरी वजन वाढलं ते त्यामुळे नाही, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरी रोज रात्री शिकरण व्हायचं. चौघांना सहा केळी, अर्धा लीटर दूध, वरून वाटीभर साखर. आणि ते पोळीशी खायचं म्हणजे भाजीऐवजी गोड, त्यामुळे पोळ्याही दोन जास्त जायच्या.

माझी बहीण आरोग्य विभागात आहे. ती म्हणाली, केळं राहू दे, साखर काढ आणि ते ताटातून काढून चारच्या चहाला ने. आता चार वाजता एक केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. आधी त्या वेळी खारी किंवा सहा-सात बिस्किटं असायची. मध्यम केळ्याच्या शंभराच्या आसपास कॅलरी होतात आणि त्यावर मी रात्री आठपर्यंत राहते. बिस्किटांवर सहालाच पोटात कालवायचं.

आणखी एक सांगते. टोकाला थोडी हिरवी झाक असलेलं केळं मला जास्त वेळ पुरतं. पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. कॅलरी तेवढ्याच, पण मला फरक जाणवतो. सात महिन्यांत ८१ वरून ७६ वर आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी आणि आमरस दोन्ही खाल्लं. त्या एका दिवसाला मी हात लावणार नाही.

पुणे, संगणकावर बसून काम

जिमहून आलो की चिकू मिल्कशेक प्यायचो. "फळ आहे, दूध आहे, पौष्टिक आहे." एकदा बसून मोजलं. तीन चिकू, ३०० मिली दूध, तीन चमचे साखर, वर आइस्क्रीमचा गोळा. सहाशेच्या वर गेलं, आणि प्यायला दोन मिनिटं. आता दोन चिकू फोडी करून खातो, वेगळं ताक पितो. चावायला वेळ लागतो, बिया काढाव्या लागतात, पोटाला कळतं की काहीतरी आलंय. चार महिन्यांत साडेतीन किलो कमी, व्यायाम तेवढाच.

सासवडजवळून. मला जमलं नाही.

वरचं वाचून बरं वाटलं, पण माझं खरं तेच लिहिते. आमचीच सीताफळाची बाग आहे. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत घरात टोपल्या असतात. डाग पडलेली, फुटलेली, बाजारात न जाणारी फळं घरी राहतात, आणि टाकवत नाहीत. आपल्या घामाची आहेत ती.

सीताफळाचा १०० ग्रॅम गर म्हणजे नव्वदच्या वर कॅलरी. एक मोठं फळ खाल्लं तर काहीच बिघडत नाही, मलाही पटतं. पण मला एकावर थांबता येत नाही. एक संपलं की हात दुसऱ्याकडे जातोच, आणि संध्याकाळी मोजलं तर पाच झालेली असतात. तीन वर्षं "रोज एकच" ठरवलं, तीनही वर्षं हंगामात तीन-चार किलो वाढलं.

या वर्षी मी वेगळं केलं. घरच्या फळांचा गर काढून सासूबाई आणि मी डबे भरले आणि शीतगृहवाल्या ओळखीच्यांना दिले. घरात टोपली ठेवायचीच नाही. रविवारी सगळ्यांनी बागेत जायचं, झाडाखाली बसून प्रत्येकी एक खायचं आणि परत यायचं. वाढ फक्त एक किलो. कुणाला मोजून खाणं जमतं, मला नजरेआड ठेवणं जमतं.

(यांना माझा नमस्कार. अशा अनुभवासाठीच हा धागा काढला. "मोजून खा" हे सगळ्यांना लागू पडत नाही.)

कोल्हापूर, निवृत्त, बारा वर्षांचा मधुमेह

माझं वजन ८८ होतं, डॉक्टरांनी ८० पर्यंत आणायला सांगितलं. आंबा पूर्ण बंद करायची माझी तयारी होती, त्यांनीच करू दिला नाही. म्हणाले, बंद केलात तर कुणाच्या तरी लग्नात चार वाट्या रस प्याल, त्यापेक्षा घरी शिकू.

मग आम्ही घरच्या मशीनवर साखर तपासून पाहिली. अर्धा आंबा दुपारच्या भरपेट जेवणानंतर खाल्ला तर दोन तासांनी २१२. तेवढाच अर्धा आंबा सकाळी अकराला, नुसता, सोबत पाच-सहा बदाम, आणि त्यानंतर वीस मिनिटं चालणं, तर १४८. दोन्ही प्रयोग तीन-तीन वेळा केले, आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण कल तोच. जेवणातल्या भाताची आणि पोळीची साखर आधीच चढत असते, तिच्यावर आंबा चढवायचा नाही, एवढं मला समजलं.

हे आकडे माझ्या शरीराचे आणि माझ्या गोळ्यांचे आहेत. कृपया कुणी उतरवून घेऊ नका. स्वतःच्या मशीनवर, डॉक्टरांना सांगून पाहा. वजन ८२ वर आहे. दोन किलो राहिलेत.

छत्रपती संभाजीनगर, होस्टेल

मी रात्री फक्त फळं खायचे. मेसचं तेलकट नको म्हणून. तीन केळी, दोन चिकू, वाटीभर द्राक्षं. मला वाटायचं मी खूप कमी जेवतेय. मैत्रिणीने हिशेब करून दाखवला, साडेपाचशेच्या आसपास जात होतं. आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच, म्हणून अकरा वाजता भूक लागायची आणि मग घरचा चिवडा. आता मेसमधून एक पोळी, दोन वाट्या आमटी आणि काकडी घेते, नंतर एकच केळं. चिवड्याचा डबा महिनाभर पुरतो आता.

तासगाव

आमच्याकडचा एक मुद्दा कुणी लिहिला नाही म्हणून. १०० ग्रॅम द्राक्षांत सत्तरच्या आत कॅलरी आणि १०० ग्रॅम बेदाण्यात तीनशे. साखर कुठून आली नाही, फक्त पाणी गेलं. बेदाण्याच्या शेडवर काम करताना आम्ही दिवसभर चिमटी-चिमटी बेदाणा तोंडात टाकतो, तो कुणाच्या लक्षात येत नाही. खजूर, सुकं अंजीर, सगळ्यांचं तसंच. उपवासाला "फक्त सुकामेवा" म्हणणाऱ्यांनी एकदा मूठ काट्यावर ठेवून बघावी. द्राक्षं खा. घोसासकट बशीत घेऊन खा, टीव्हीपुढे पाटी घेऊन बसू नका.

नाशिक, रस-पुरीबद्दल

आंब्याला दोष देणाऱ्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितो. आमचं एकत्र कुटुंब आहे, मे महिन्यात रविवारी चौदा-पंधरा माणसं. माझी मुलगी आहारशास्त्र शिकते. तिने गेल्या मे महिन्यात माझं ताट, मला न सांगता, मोजलं.

तीन वाट्या आमरस, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. गराच्या २७०. रसात घातलेली साखर माझ्या वाट्याला तीन चमचे, म्हणजे ६०. वरून तुपाचा चमचा, ४५. इथपर्यंत पावणेचारशे. मग पुऱ्या. मी सात खाल्ल्या होत्या. कणीक आणि मुरलेलं तेल धरून तिने एका पुरीच्या ऐंशी लावल्या, ५६० झाल्या. शिवाय कुरडई, भजी, बटाट्याची भाजी, मसालेभात. एकूण दीड हजाराच्या पुढे. त्यात आंबा स्वतः २७०.

मला आठ वर्षं वाटत होतं की मे महिन्यात आंब्याने वजन वाढतं. ते पुरीने, भज्यांनी आणि जेवणानंतरच्या तीन तासांच्या झोपेने वाढत होतं.

या वर्षी आम्ही रस तसाच ठेवला, साखर काढली (आंबा चांगला असेल तर ती लागतच नाही, आमच्या आजी कधीच घालत नसत) आणि पुऱ्यांच्या जागी घडीच्या पोळ्या केल्या. मी दोन वाट्या रस, दोन पोळ्या, भाजी आणि कोशिंबीर घेतो. पहिल्या रविवारी काका रुसले. तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतः पोळी मागितली, म्हणाले पोट हलकं राहतं. मुलीचं मला फार कौतुक वाटतं. तिने एकदाही "खाऊ नका" म्हटलं नाही, फक्त कागद पुढे ठेवला.

न्यू जर्सी

इथे ताजा हापूस क्वचित मिळतो आणि परवडत नाही, म्हणून डब्यातला गर. डब्याच्या मागचं वाचा. बहुतेक डब्यांत साखर घातलेली असते. मी बिनसाखरेचा गोठवलेला गर शोधला, छोट्या वाट्यांमध्ये भरून ठेवते आणि घट्ट दह्यात मिसळून नाश्त्याला खाते. अॅव्होकाडोबद्दलही लिहायचं होतं. १०० ग्रॅमला १६० कॅलरी, आणि त्या साखरेच्या नाहीत, स्निग्धाच्या आहेत. मी अर्धं घेते तेव्हा तेल-लोणी त्या जेवणात घेत नाही.

कुडाळ

आमच्याकडे बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा फणस. आठ-दहा गरे म्हणजे एक जेवणच. त्या दिवशी दुपारी भात नाही, हे आमच्या आईने कधी वजनासाठी ठरवलं नव्हतं, पोटात जागाच राहत नाही म्हणून. आता मी तेच नियम म्हणून पाळतो. फणसपोळी आणि आंब्याचं साठं मात्र पाहुण्यांसाठी, त्यात गर आटवलेला असतो.

(धागा सुरू करणारी मीच पुन्हा. एक आकडा अनेकांनी विचारला म्हणून: राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला दोन हजार कॅलरींच्या आहारात १०० ग्रॅम फळ सुचवलं आहे, आणि भाज्या ४०० ग्रॅम. माझ्या ताटात भाजी निम्मीही नव्हती. त्या कागदावर हे कुणी लाल अक्षरात लिहिलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.

सासवडच्या ताईंना विचारायचं आहे, गोठवलेल्या गराची चव दिवाळीनंतरही टिकते का? आणि कोल्हापूरच्या काकांना, राहिलेल्या दोन किलोंचं जरूर कळवा.

बाबा येत्या शनिवारी येतायत. या वेळची पेटी उशिराच्या मोहराची आहे म्हणाले, दोन दिवस अढीत, म्हणजे पेंढ्यात पिकत, ठेवावी लागेल. आईला फोन करून सांगितलं, माझ्यासाठी एक फुलका कमी लाट. पहिला आंबा बाबांनी कापायचा आहे.)