मदत हवी आहे: घराच्या बाहेरच्या बदलांना मागाहून परवानगी, बाहेरचा जिना आणि बंद केलेली गॅलरी (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

घराच्या बाहेरच्या बाजूनं जे बदल झालेत त्यांना आता मागाहून परवानगी काढता येते का आणि येत असेल तर सुरुवात कुठनं करायची हे विचारायचंय. घर कोल्हापूर महानगरपालिका हद्दीत आहे, पण दुसऱ्या कुठल्या महानगरपालिकेत कुणी हे केलं असेल तरी सांगा, कायदा तोच असणार.

साने गुरुजी वसाहतीकडं आमचा दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. सासऱ्यांनी 1994 ला रीतसर परवाना काढून तळमजला आणि वर एक मजला बांधला, भोगवटा प्रमाणपत्र पण घेतलेलं आहे. पुढं 2009 ला धाकट्या भाऊजींचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनीच वरचा मजला वेगळा करून दिला. वरची पुढची गॅलरी विटांनी छातीपर्यंत बांधून वर स्लायडिंग खिडक्या बसवल्या, ती आता खोलीच आहे. समोर गाडीसाठी पोर्च पुढं वाढवून त्यावर पत्रा टाकला. आणि मुख्य म्हणजे घराच्या डाव्या अंगाला, साइड मार्जिनमध्ये (घर आणि कंपाऊंडच्या मधे मोकळी सोडायची जागा), आरसीसी जिना बाहेरनं वर नेला. आतला जिना काढून टाकला, वर स्लॅब भरला आणि त्या जागेत खाली बाथरूम केलं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांच्या खोलीला लागून असलेलं ते एकच बाथरूम आहे, कमोड आणि धरायला दांडी सगळं तिथंच आहे.

आता विषय का निघाला तर गच्चीचा स्लॅब गळतोय. गेल्या पावसाळ्यात वरच्या खोलीत बादल्या ठेवून झोपायची वेळ आली. दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं म्हणून बँकेत गेलो तर त्यांचा व्हॅल्युएशनवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला मंजूर नकाशा आणि जागेवरचं बांधकाम जुळत नाही, सुधारित मंजूर नकाशा आणा मग बघू. सासरे आता नाहीत, त्यांनी त्यावेळी वाढीव कामाचं काही कागदावर केलं होतं का ते कुणालाच माहीत नाही, कपाटात तरी सापडलं नाही. जुना नकाशा आहे पण इतकी वर्षं घडी घालून ठेवलेला की घडीवर फाटलाय, आणि डाव्या बाजूच्या मार्जिनचा आकडा नेमका त्याच घडीत गेलाय. गोल शिक्का आणि सही तेवढी व्यवस्थित दिसते.

सल्ले ज्याला विचारावं त्याचा वेगळा. एक एजंट म्हणतो घरफाळा लागलाय ना वाढीव बांधकामाचा, मग झालं, कोण विचारतंय. दुसरा म्हणतो अजिबात महापालिकेत जाऊ नका, आपणहून गेलात की नोटीस हातात घेऊनच बाहेर याल. ह्यांना वाटतं पैसे भरून सगळं एकदाच नियमित करून टाकावं. मला सगळ्यात जास्त काळजी त्या जिन्याची आहे, कारण तो पाडायला लावला तर वर दीर, जाऊ आणि दोन पोरं जाणार कुठनं? वर जायला दुसरी वाटच नाही. आणि आतला जिना परत करायचा म्हटलं तर सासूबाईंचं बाथरूम जातं. जाऊ तर परवापासनं नीट जेवलेली नाही, तिला वाटतंय आपल्यालाच घर सोडायला लागणार.

तर गॅलरी, पोर्च आणि जिना यातलं काय नियमित होऊ शकतं, अर्ज कुणामार्फत करायचा, सगळ्याचा एकत्र करायचा का वेगवेगळा, आणि आपणहून गेल्यानं खरंच तोटा होतो का? प्रॉपर्टी कार्डावर सासूबाई, हे, भाऊजी आणि नणंद अशी चार नावं आहेत. नणंद पुण्याला असते.

करवीरकर:

पहिल्यांदा त्या घरफाळ्यावाल्या एजंटाचं डोक्यातनं काढून टाका. घरफाळा आकारला म्हणजे बांधकाम मान्य झालं असं होत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम 267अ आहे, त्यात अनधिकृत बांधकामाला कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लावता येते आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही हेही त्यातच लिहिलंय. पण घरफाळ्याचा एक उपयोग आहे तो सोडू नका. वाढीव बांधकामाची आकारणी कुठल्या वर्षापासनं लागली त्याचा उतारा काढा, बांधकाम कधीचं आहे याचा तो सरकारी पुरावा होतो. वरच्या मजल्याचं वेगळं लाईट मीटर असेल तर त्याच्या जोडणीची तारीख पण काढून ठेवा.

लाईनआऊट:

ताई, मी परवान्याचे नकाशे काढायचंच काम करतो, जरा सविस्तर लिहितो.

आधी माहितीच्या अधिकारात नगररचना विभागाकडं अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यायला लागतं. मागायचं काय तर 1994 चा मंजूर नकाशा, परवाना आणि भोगवटा यांच्या प्रमाणित प्रती, आणि 2009 च्या सुमारास त्या मिळकतीवर काही सुधारित परवानगी किंवा नोटीस असल्यास तिची प्रत. सासऱ्यांनी अर्ज केलाही असेल, माहीत नसताना अनधिकृत धरून चालू नका. घडीत गेलेला आकडा पण त्यातच मिळेल.

मग लायसन्सधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडनं जागेवर माप घेऊन आज जसं आहे तसा नकाशा करून घ्या आणि जुन्यावर ठेवून बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 43 मध्ये एक सवलत आहे. नुसतं आतलं काम किंवा इमारतीच्या बाहेरच्या रूपात ठळक फरक न पडणारं दुरुस्तीचं काम असेल तर परवानगी लागत नाही. म्हणजे तुमचं गळणाऱ्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, रंग हे सरळ करा, त्याला कुणाची वाट बघू नका. पावसाळ्याआधी ते उरका, सळई गंजली की खर्च कुठल्या कुठं जातो. पण गॅलरी बंद करणं, पोर्च वाढवणं, बाहेरनं जिना काढणं या सवलतीत बसत नाही.

गॅलरीचं मला फारसं अवघड वाटत नाही. 2020 च्या डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली तेव्हापासनं दाट वस्ती सोडून बाकीच्या भागात मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.10 आणि त्यावर प्रीमियम भरून निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी, म्हणजे जादाचा, एफएसआय मिळतो. दोन गुंठे म्हणजे साधारण 202 चौरस मीटर, तळ अधिक एक मजला असेल तर क्षेत्रात जागा शिल्लक असायची दाट शक्यता आहे. एफएसआयमध्ये बसलं आणि समोरचं मार्जिन मोडत नसेल तर सुधारित नकाशात दाखवून फी, प्रीमियम, दंड भरून होतं. पत्र्याच्या पोर्चवर मात्र डोकं घालवू नका, मार्जिनमध्ये येत असेल तर पत्रा काढून टाका. त्यासाठी सगळा प्रस्ताव अडकवण्यात अर्थ नाही.

जिना हीच खरी अडचण. डाव्या बाजूला जिना सोडून कंपाऊंडपर्यंत किती जागा उरते ते मोजून सांगा.

उत्तरेश्वरकर:

आपणहून गेलं की नोटीस येते या भीतीबद्दल. आमच्या भावकीत एका घराचं असंच झालेलं, ते गप्प बसले आणि शेजाऱ्यानं तक्रार केली. मग नोटीस आली आणि सगळं घाईत करायला लागलं, इंजिनिअर म्हणेल तो दर द्यायला लागला. अर्ज आधी केला असता तर निवांत झालं असतं. नोटीस आली तरी सगळं संपत नाही हे पण सांगतो. त्याच 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 53 मध्ये नोटिशीतल्या मुदतीच्या आत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर पाडता येत नाही. शिवाय सुप्रीम कोर्टानं 13 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिलाय, त्यात पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस सांगितलीय. रस्ता, नदीपात्र असल्या सार्वजनिक जागेतल्या बांधकामाला ते लागू नाही, पण तुमचा स्वतःचा प्लॉट आहे. तेव्हा जाऊबाईंना सांगा, उद्या सकाळी कुणी जेसीबी घेऊन येणार नाही, जेवा म्हणावं.

शेजाऱ्याकडं मात्र अर्ज करायच्या आधी जाऊन या. पोर्चचं किंवा जिन्याचं पाणी त्यांच्या कंपाऊंडात पडतं का बघा. पडत असेल तर आधी पाईप लावून ते आपल्या बाजूला वळवा. निम्म्या तक्रारी त्या पाण्यावरनंच होतात.

(धागा सुरू करणारी):

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून जाऊला पण दाखवलं. आज ह्यांनी आणि भाऊजींनी टेप लावून मोजलं. जिना तीन फुटी आहे आणि जिन्याच्या कडेपासनं कंपाऊंडपर्यंत दोन फूट उरतात. पत्र्याचं पाणी खरंच शेजाऱ्यांच्या तुळशीजवळ पडतंय, त्या काकूंनी इतकी वर्षं कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, मला फार वाईट वाटलं. पत्रा काढायचं ठरलं.

जिन्यासाठी काही विशेष सवलत मागता येते का? वयस्कर बाई, एकच बाथरूम, वर जायला एकच वाट, हे सगळं खरं आहे आणि दाखवता येईल.

लाईनआऊट:

दोन फूट उरतात म्हणजे जवळजवळ सगळं मार्जिन गेलं, नियमात बसवून तो जिना तसाच राहील असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्या एकत्रित नियमावलीच्या नियम 2.4 मध्ये खरोखर अडचण असेल तर मापात सूट द्यायचा अधिकार आहे, पण आरोग्य, आग आणि इमारतीची सुरक्षितता याला बाधा येता कामा नये. साइड मार्जिन असतं ते हवा-उजेडासाठी आणि आग लागली तर माणूस जायला, त्यामुळं तिथं सूट मिळणं कठीण. शिवाय ते विचारणार, मूळ नकाशात आतला जिना होता तो कुठं गेला? याला तुमच्याकडं उत्तर हवं.

नगररचना कायद्याचं कलम 52अ आणि 2017 चे तडजोड शुल्काचे (म्हणजे ते शुल्क भरून बांधकाम नियमित करून घ्यायचे) नियम आहेत, ते 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांसाठी. तुमचं 2009 चं, तारखेत बसतं. त्याखाली अर्ज सध्या स्वीकारतायत का हे नगररचनामध्ये जाऊन आधी विचारा, आणि करवीरकरांनी सांगितलेला घरफाळ्याचा उतारा बरोबर न्या.

पण मी तुमच्या जागी असतो तर बाथरूमपासनं सुरुवात केली असती. सासूबाईंच्या खोलीला लागून मागच्या बाजूला, मार्जिन सोडून, नवीन बाथरूम बसतं का ते त्याच सुधारित नकाशात दाखवा. एफएसआय शिल्लक असेल तर ते सरळ मंजूर होईल. ते बांधून सासूबाईंची सोय झाली की मग जुन्या जागेत आतला जिना परत काढा, आणि तो वापरात आला की शेवटी बाहेरचा पाडा. हा क्रम सोडू नका, नाहीतर मधेच कुणीतरी लटकेल. स्लॅब परत फोडायचा असल्यानं स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आधी घ्या. टप्प्याटप्प्यानं काम करणार असं प्रस्तावाबरोबर लेखी द्या, बाहेरचा जिना काढायला मुदत मागा.

बँक ऐकणार नाही. 17 डिसेंबर 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात बँकांना भोगवटा प्रमाणपत्र तपासूनच कर्ज द्यायला सांगितलंय, आणि वर्षं उलटली म्हणून अनधिकृत बांधकाम वैध होत नाही हे पण त्यात स्पष्ट आहे. त्यामुळं गच्चीच्या दुरुस्तीचे पैसे दुसरीकडनं उभे करता आले तर बघा, या कर्जावर अवलंबून पावसाळा अंगावर घेऊ नका.

आणि अर्जावर कार्डावरच्या चौघांच्याही सह्या लागतील. नणंदबाईंना आत्ताच फोन करून सगळं समजावून सांगा, पुण्याहनं यायला जमत नसेल तर नोटरी केलेलं संमतीपत्र चालतं का ते तुमचा इंजिनिअर विचारून घेईल.

(धागा सुरू करणारी):

नणंदेशी बोलणं झालं, ती शनिवारी येतेय. मागं न्हाणीची जुनी जागा आहे, तिथं मार्जिन सोडून पाच बाय सात निघतंय असं भाऊजी म्हणतायत. माहिती अधिकाराचा अर्ज उद्या देतो. जुन्या नकाशाची प्रत आली की मापं इथं टाकते, तेव्हा परत एकदा बघून सांगा.