नववीत मुली २३ आणि मुलं १४, जगात पण असंच चाललंय का?

माणदेशी_मॅडम (आटपाडी)

नमस्कार मंडळी. मी आटपाडी तालुक्यात एका अनुदानित हायस्कूलला गणित शिकवते, शाळा पाचवी ते दहावी. ३ जानेवारीला बालिका दिनाला मला पोरींसमोर आणि पालकांसमोर बोलायचंय, म्हटलं यावर्षी सावित्रीबाईंच्या आठवणीबरोबर जगात मुलींच्या हायस्कूलची काय परिस्थिती आहे ते आकड्यात सांगू, म्हणून युनेस्कोचे देशवार तक्ते काढून बसले आणि आता जास्तच गोंधळ झालाय.

एक तर काही देशांत पटनोंदणी शंभर टक्क्यांच्या वर दाखवतात. शंभर पोरांत एकशे चार शाळेत कशी काय? दुसरं म्हणजे मला वाटत होतं सगळीकडं मुलीच मागं असणार, तर लेसोथो, मंगोलिया, फिलिपिन्स, अगदी आपल्या शेजारचा बांगलादेश, इथं हायस्कूलला मुली जास्त आणि मुलं कमी.

आणि तिसरं माझ्याच वर्गातलं. नववीत मुली २३, मुलं १४. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, मॅडम मुलींचा प्रश्न संपला आता, मुलांकडं बघा. मला ते पटत पण नाही आणि खोडता पण येत नाही. कुणी जाणकार असेल तर जरा सविस्तर सांगा.

आकडेमोड_मिरज

मॅडम, मी संख्याशास्त्र शिकवायचो, आता रिटायर आहे, पहिलं शंभराच्या वरचं सांगतो. तुम्ही बघितला तो ढोबळ नोंदणी दर. त्यात वर हायस्कूलच्या पटावरची सगळी पोरं घेतात, मग ती १४ ची असोत की १८ ची, आणि खाली भागायला फक्त त्या ठरलेल्या वयाची लोकसंख्या घेतात. नापास होऊन मागं राहिलेली, उशिरा शाळेत घातलेली, सगळी वर मोजली जातात म्हणून आकडा शंभर ओलांडतो. एकशे चार म्हणजे सगळी पोरं शाळेत आहेत असं समजू नका. जिथं निव्वळ दर दिलाय तिथं योग्य वयाचीच पोरं धरलेली असतात, तो शंभराच्या वर जात नाही.

दुसरा तो समानता निर्देशांक. मुलींचा दर भागिले मुलांचा दर. एक आला म्हणजे बरोबरी, युनेस्को ०.९७ ते १.०३ च्या मधे असेल तर बरोबरी धरते. पण यात एक मोठी मेख आहे आणि भाषणात ती सांगाच. शंभरातल्या ९० मुली आणि ९० मुलगे शाळेत असले तरी उत्तर १ आणि ३० मुली, ३० मुलगे असले तरी उत्तर १ च. त्यामुळं नुसता निर्देशांक बघून खूश व्हायचं नाही, शेजारी मूळ दर ठेवून वाचायचं.

जगाचं म्हणाल तर सगळ्या देशांची सरासरी काढली की फरक जवळजवळ दिसतच नाही, कारण एकीकडची तूट दुसरीकडच्या वाढीत झाकली जाते. चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा देशांत हायस्कूलला मुली आजही मुलांपेक्षा बऱ्याच कमी आहेत. लॅटिन अमेरिकेत आणि तुम्ही नावं घेतली त्या देशांत उलटं. २००० साली जगातल्या देशांनी ठरवलेलं की प्राथमिक आणि माध्यमिकमधली ही तफावत जमलं तर २००५ पर्यंतच मिटवायची. ते झालं नाही, आता २०३० चं उद्दिष्ट आहे.

आणि अफगाणिस्तानला तर निर्देशांकाचा काही अर्थच उरला नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान आलं आणि सप्टेंबरपासून सहावीच्या पुढं मुलींना शाळा बंद. २३ मार्च २०२२ ला हायस्कूल उघडणार म्हणून जाहीर केलं, पोरी युनिफॉर्म घालून, दप्तर घेऊन वर्गात येऊन बसल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं. माझी नात त्याच वयाची आहे, त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

माणची_लेक (सध्या सातारा)

मॅडम, त्या सरांना माझ्यातर्फे सांगा की प्रश्न संपलेला नाही, तो दहावीच्या पुढं सरकलाय.

माझं गाव माण तालुक्यातली एक वाडी. दहावीपर्यंत शाळा जवळ होती, ७८ टक्के पडले. अकरावी १४ किमीवर, वाडीपासून फाटा ३ किमी चालत आणि तिथून गाडी. पहिले दोन महिने गेले पण. हिवाळा लागला, संध्याकाळी फाट्यावर उतरेपर्यंत अंधार, दोन्ही बाजूला पुरुषभर ज्वारी, हातातली छत्री मी काठीसारखी धरून चालायचे, कोण मागून येतंय का बघत. एकदा दोन पोरं मोटारसायकल हळू करून बरोबरीनं चालवायला लागली, घरी सांगितलं आणि तिथंच चुकलं असं मला कितीतरी वर्षं वाटायचं, कारण दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मारलं नाही की रागावले नाहीत, नुसतं म्हणाले बाळ राहू दे आता. भावाला त्याच वर्षी सेकंडहँड गाडी घेऊन दिली, त्याचं कॉलेज त्याच फाट्यावरून पुढं होतं. पुढं लग्न झाल्यावर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, भरून बारावी केली, धाकटा मांडीवर घेऊन.

तेव्हा पास फुकट, फी माफ हे सगळं होतं मॅडम. पैशामुळं कुठं अडलं? अडलं त्या ३ किमीमुळं.

म्हणून बिहारचं मला फार पटतं. तिथं २००६ पासून नववीला जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोघांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून अभ्यास केला तर हायस्कूलला मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधला फरक ४० टक्क्यांनी कमी झाला, आणि जास्त फरक कुठं पडला तर शाळा ३ किमी किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं, माझाच फाटा कुणीतरी मोजल्यासारखं वाटलं. शिवाय गावातल्या दहा पोरी एकदम सायकलवरून निघाल्या की रस्ता बदलतो, एकटीला बघणारे दहाजणींना बघून बाजूला होतात.

भाषणात हे पण सांगा की सावित्रीबाई आमच्या सातारा जिल्ह्याच्या, नायगावच्या. कर्मवीर अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, लांबच्या वाडीवस्तीवरची गरिबाची पोरं तिथं राहिली म्हणून शिकली. मुलींसाठी प्रत्येक तालुक्याला तसं चांगलं वसतिगृह हवं, मागणी करायची तर ही करा.

गलाईवाला (कोइमतूर, मूळ खानापूर तालुका)

मॅडम मला लिहायची सवय नाही चुकलं तर समजून घ्या. तुमच्या वर्गात पोरं कमी का ते मी सांगतो, मी त्यातलाच हाय. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईत, सोनं चांदी गाळायचा धंदा, कुठं तामिळनाडू कुठं केरळ कुठं पार आसाम. मी आठवी पास झालो आणि जूनमध्ये चुलत्याबरोबर रेल्वेत बसलो. कुणी जबरदस्ती केली नाही, दुष्काळ होता, घरात तीन बहिणी, आणि चुलता दिवाळीला यायचा तेव्हा त्याच्या अंगावरची कापडं बघून मलाच जायचं होतं.

पहिलं वर्ष दुकान झाडायचं, भट्टी पेटवायची, मूस धरायला शिकायचं. तेजाबाचा वास डोक्यात बसतो तो रात्री झोपंत पण जात नाही, बोटाची कातडी पिवळी पडती. आज माझं स्वतःचं दुकान हाय, खोटं कशाला बोलू, शिकलेल्यांपेक्षा बरं कमावतो. पण बँकेत इंग्रजी फॉर्म आला की मला अजून पोराला फोन लावावा लागतो, आणि दुकान सगळ्यांचं होत नाही, दहा जातात त्यातलं दोन मालक होत्यात बाकीची आयुष्यभर दुसऱ्याच्या भट्टीवर. गावाकडं फक्त त्या दोघांचं बंगलं दिसत्यात.

ते लेसोथो काय हाय, तिथं पोरं का कमी? कुणाला माहित असल तर सांगा.

आकडेमोड_मिरज

गलाईवाले दादा, तुमचं वाचून थांबलो जरा. लेसोथो म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या पोटात असलेला छोटा देश, सगळाच्या सगळा डोंगरात, समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या खाली तिथं जमीनच नाही. घरोघरी मेंढरं आणि गुरं, आणि ती राखायला लहानपणापासून मुलगे डोंगरावर. मोठे झाले की कितीतरी बाप्ये शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत खाणीत कामाला जायचे, आता ते प्रमाण बरंच कमी झालंय, आणि त्यातल्या कितीतरी सोन्याच्याच खाणी. तुम्ही सोनं गाळायला गेलात, ते खणायला. मुलगी मेंढरांमागं जात नाही म्हणून ती शाळेत टिकते.

मंगोलियात पण हेच, १९९० नंतर सरकारी कळप घरोघरी वाटले गेले, माणसं कमी पडली, मग पोरगा शाळेतून काढला आणि घोड्यावर बसवला. जत, आटपाडी, माणमधल्या मेंढपाळ घरांना हे वेगळं सांगायला नको.

बांगलादेशात मात्र मुली वर आल्या त्या ठरवून. १९८२ ला थोड्या भागात सुरू केलेली मुलींची शिष्यवृत्ती १९९४ ला देशभर ग्रामीण भागात नेली. सहावी ते दहावी, पैसे मुलीच्या नावाच्या बँक खात्यात, आणि अटी तीन: हजेरी ७५ टक्के, परीक्षेत ४५ टक्के, आणि दहावीपर्यंत लग्न करायचं नाही. मला ती तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची वाटते. तरी एवढं करून तिथं आजही निम्म्याच्या आसपास मुलींची लग्नं १८ च्या आत होतात, म्हणजे शाळेत नाव आहे एवढ्यावर थांबता येत नाही.

तासगावकर_बाबा

एक वेगळं बोलतो, मॅडम राग मानू नका. १४ मुलं म्हणजे बाकीची गळालीच असं धरून चालू नका. मी द्राक्षवाला माणूस, माझा मुलगा इंग्लिश मीडियमला ३५ हजार फी भरून आणि मुलगी गावातल्या मराठी शाळेत, हे दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याच घरात होतं. बायकोनं एक दिवस विचारलं ती काय परक्याची आहे का, तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता दोघं एकाच शाळेत आहेत.

अजून एक. २०११ च्या जनगणनेत आपल्या सांगली जिल्ह्यात ६ वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं ९०० सुद्धा मुली नव्हत्या. म्हणजे गावात मुलगेच जास्त असायला पाहिजेत आणि तुमच्या वर्गात मुली जास्त. मग एवढी मुलं गेली कुठं? जनरल रजिस्टर काढा आणि एकेक नाव बघा, जगाच्या तक्त्याआधी ते करा. आणि त्या निर्देशांकाचं मिरजेच्या सरांनी सांगितलं त्यात भर, जी मुलगी जन्मालाच आली नाही ती त्या भागाकारात वर पण नाही आणि खाली पण नाही.

माणदेशी_मॅडम (आटपाडी)

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांचं ऐकून चार दिवस शाळा सुटल्यावर क्लार्कबरोबर रजिस्टर घेऊन बसले, आत्ताची नववी पाचवीत होती तेव्हापासून एकेक नाव बोट ठेवून बघितलं, काही घरी जाऊन पण आले. इथं लिहिते, कारण मी ११ वर्षं त्या शाळेत आहे आणि मला यातलं निम्मं माहित नव्हतं.

पाचवीत मुली २६ होत्या, मुलं २७. मुलांपैकी १३ गेली. सहा जण दाखला घेऊन इंग्लिश मीडियमला किंवा निवासी अकॅडमीला. दोघांचे आईवडील गाव सोडून पुण्याकडं. तिघं गलाईला, एक मेंढरांमागं. एकाचं नाव शाळांच्या ऑनलाईन नोंदणीत ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या पोरांच्या यादीत, पडून आहे, कुठल्या शाळेनं ओढून घेतलेलं नाही, घराला कुलूप, शेजाऱ्यांना पण पत्ता नाही. मुली गेल्या तीन. एक वडिलांच्या बदलीमुळं. एक घरी, आई आजारी आणि दोन धाकटी भावंडं, ती मला दारात भेटली, हात पिठात होते, मॅडम या म्हणाली आणि चहा टाकला, बीजगणितात वर्गात पहिली यायची. तिसरीचं लग्न. वय १५. फेब्रुवारीत झालं आणि आम्हाला मार्चमध्ये कळालं, तोपर्यंत आमच्या हजेरीपटावर तिची गैरहजेरी 'आजारी' म्हणून लागत होती, आणि ती हजेरी मीच घेत होते. याच्यापुढं सलग तीन दिवस कुठलीही पोरगी आली नाही की मी घरी जाणार, हे मी ठरवलंय.

आणि त्या सहा इंग्लिश मीडियमवाल्यांपैकी चौघांच्या बहिणी आमच्याच शाळेत आहेत. म्हणजे माझ्या वर्गात मुली जास्त दिसतात त्यातला मोठा भाग हा, की खर्च मुलग्यावर केलाय. स्टाफरूममधल्या त्या सरांना रजिस्टर दाखवलं, ते बराच वेळ त्या नावांकडं बघत होते, मग म्हणाले त्यातल्या एका मुलीचा बाप माझा मित्र आहे, मी बोलतो.

३ तारखेला मी अफगाणिस्तान, बांगलादेश आणि लेसोथो तिन्ही सांगणार आहे, आणि नंतर ही २७ आणि २६ ची गोष्ट नावं न घेता सांगणार आहे. वसतिगृहाच्या मागणीचा अर्ज पण लिहितेय, ताई तुमचा ३ किमीचा किस्सा त्यात घातला तर चालेल का?

गलाईवाले दादा, तुमच्याकडं एक काम आहे. तिघांपैकी एकजण कोइमतूरलाच आहे, आठवी करून गेला, अक्षर मोत्यासारखं. त्याची आई म्हणाली जत्रेला येईल. १७ नंबरच्या फॉर्मवर त्याची दहावी होऊ शकते, पुस्तकं मी देते, दाखला काढून कपाटात ठेवलाय. तुमच्या ओळखीत असेल तर त्याच्या शेटला रोज संध्याकाळी दोन तास सुट्टी द्यायला सांगाल का? मेसेज करा, नाव तिथं सांगते.

गलाईवाला (कोइमतूर, मूळ खानापूर तालुका)

मेसेज केलाय मॅडम. आमची चाळीस एक दुकानं एकाच गल्लीत हायत, सापडतोय पोरगा. शेट नाही म्हटला तर माझ्या दुकानात घेतो.