पार्किन्सन्स आणि स्टेम सेलची ‘ट्रायल’ : पडताळणी कुठे करायची? (मदत हवी आहे)

बाबा ७१ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे. केईएमच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत दाखवतो. सिंडोपा (पार्किन्सन्सची नेहमीची गोळी) चालू आहे, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की उंबऱ्यापाशी पाय खिळल्यासारखे होतात.

उपनगरातल्या एका क्लिनिकने स्टेम सेलची इंजेक्शनं सुचवली. पैसे भरपूर मागतात आणि वर म्हणतात, ‘ही ट्रायलच आहे’. ट्रायल असेल तर पैसे कसले? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे वगैरे मोजके आजार सोडले तर स्टेम सेल मंजूर ट्रायलमध्येच देता येतात. नोंदणी क्रमांक मागितला, तर आढेवेढे घेऊन एक दिला. सीटीआरआयच्या (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची सरकारी नोंदवही) साइटवर टाकला, तर निघाला गुडघ्याच्या संधिवाताचा अभ्यास! त्यामुळे तिथे जाणार नाही, हे नक्की.

पण खऱ्या संशोधनात भाग घ्यायला बाबा तयार आहेत. डीबीएस (मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया) सुचवू नका, हृदयामुळे डॉक्टरांनी नको म्हटलंय. मुंबईबाहेरचा प्रवासही झेपणार नाही.

सीटीआरआयवर फक्त मुंबईतल्या आणि सध्या रुग्ण घेत असलेल्या पार्किन्सन्सच्या ट्रायल कशा शोधायच्या? आणि एथिक्स कमिटीची (ट्रायल रुग्णांसाठी योग्य आहे का हे तपासणारी समिती) मंजुरी खरी आहे का, हे नातेवाइकांना कुठे तपासता येतं?