मदत हवी आहे : वितरक एकत्र झाले, मासेमारीच्या रीलचे सुटे भाग कुठून आणायचे?

मंडळी, मालवण-देवगड पट्ट्यात गळ, रॉड-रील, स्नॉर्कल, तंबू विकणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठी विचारतोय. आमचा वितरक मोठ्या कंपनीत विलीन झाला. आता उधारी बंद, आगाऊ पैसे, आणि एका मॉडेलचे किमान २४ नग उचलायचे. अमेरिकेत २०१६ला स्पोर्ट्स अथॉरिटी ही खेळसाहित्याच्या दुकानांची साखळी बुडाली, २०१७ला शिकार-मासेमारीचं सामान विकणाऱ्या बास प्रोने आपली स्पर्धक कॅबेलाज घेतली. तोच प्रवाह इकडे पोचलाय.

खरी अडचण सुट्या भागांची. खाऱ्या पाण्यात लाइन रोलरचं (दोरी ज्यावरून सरकते ती छोटी फिरकी) बेअरिंग आधी जाम होतं. ते बऱ्याचदा ४×७×२.५ मिमीचं असतं, साध्या बेअरिंगवाल्याकडे स्टेनलेसमध्ये मिळतं. पण बेल स्प्रिंग (दोरी धरणाऱ्या तारेच्या कडीची स्प्रिंग) आणि पिनियन गिअर (आतलं छोटं दातेरी चाक) मॉडेलनुसार बदलतात. ते मिळाले नाहीत की चांगला रील भंगारात जातो, आणि गिऱ्हाईक पुढचा रील ऑनलाइन मागवतं.

पाच-सहा दुकानांनी मिळून खरेदी करायचा विचार आहे. सगळ्यांसाठी माल घेणारा दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतला (उलाढालीवर ठोक दराने कर भरणारा) नको, कारण त्याच्या बिलावर बाकीच्यांना इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) मिळत नाही.

तेव्हा सांगा :

१) बेल स्प्रिंग, ड्रॅग वॉशर (रीलच्या ब्रेकच्या चकत्या) सुटे देणारा मुंबई-पुण्यात कोणी आहे का?

२) एकत्र खरेदीत न खपलेला माल कोणाच्या माथी, हे लेखी कसं ठरवता? मे अखेरीस जलक्रीडा बंद झाल्या की मास्क-फिन्स ऑगस्टपर्यंत पडून राहतात, आणि दमट हवेत रबराचे पट्टे चिकट होतात. हा मुद्दा आधी मिटवायला हवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात भांडणं लागतील.