मेल्यावर पुन्हा पहिली लेव्हल?

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या भूमिका घेऊन खेळायच्या टेबलावरच्या खेळात 'कॅरेक्टर मेलं की नवं पहिल्या लेव्हलपासूनच, नाहीतर मरणाची भीती उरत नाही' हे इथल्या चर्चेतलं मत मला अर्धंच पटलं. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) तक्ता मागे पडलेल्याला आपोआप वर ओढतो, हे इथे कुणी मांडलेलं दिसत नाही. पाचवी लेव्हल ६५०० ला, सहावी १४,००० ला. सगळ्यांना सारखे एक्सपी दिले, तर बाकीचे नुकत्याच गाठलेल्या पाचवीतून सहावीत पोचेपर्यंत नवखा शून्यावरून ७५०० वर, म्हणजे पाचवीत आलेला असतो!

खरी अडचण तोवर जगण्याची. फायरबॉल या आगीच्या मंत्राचं नुकसान आठ डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे), सरासरी २८. सेव्ह (बचावाचा फासा) चुकला तर आठ हिट पॉइंटचा (जीवनगुणांचा) विझार्ड, म्हणजे जादूगार, डेथ सेव्हची (मरणाच्या दारातून वाचण्याच्या फाशाची) वेळ न येताच जागच्या जागी संपतो. म्हणून सोलापुरातला आमचा रविवारचा ग्रुप नवं कॅरेक्टर तिसऱ्या लेव्हलला, ९०० एक्सपीवर घेतो. क्लेरिक (पुजारी) गेला तेव्हा शेंगाचटणी-भाकरी संपायच्या आत नव्या कॅरेक्टरची शीट भरून झाली आणि मेलेल्याचं पवित्र चिन्ह नव्या रेंजरच्या गळ्यात आलं. भीती म्हणाल तर ती हिऱ्यांतून येते. मेलेल्याला उठवणाऱ्या रिव्हिव्हिफाय मंत्राला ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात, तेही मेल्यापासून एका मिनिटाच्या आत. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) ते काटेकोर मोजावेत, लेव्हल कापू नये.