तुर्तला ‘आधुनिक गजाचा जनक’ म्हणणं आता पुरे

मींडप्रेमी (चर्चाप्रस्ताव)

व्हायोलिनचा विषय निघाला की तो स्ट्राडिव्हारी या जुन्या इटालियन व्हायोलिन-कारागिरापाशी येऊन थांबतो. त्या व्हायोलिनांवर आज जो गज, म्हणजे घोड्याचे केस ताणलेली काठी, फिरतो तो मात्र स्ट्राडिव्हारीच्या काळातला नाही. तो घडला पॅरिसमध्ये, अठराव्या शतकाच्या शेवटी, आणि त्याचं श्रेय एकाच माणसाला देतात: फ्रांस्वा झाव्हिये तुर्त, जन्म १७४७ च्या सुमाराचा, मृत्यू १८३५.

माझं म्हणणं दोन भागांत आहे, आणि दुसरा भाग वाचल्याशिवाय कृपया तुटून पडू नका. पहिला: तो जनक वगैरे नव्हता. आत वळलेला बाक, वाढलेली लांबी, उंच डोकं हे सगळं त्याच्या आधीच्या आणि बरोबरीच्या गजांत तुकड्यातुकड्यांनी सापडतं. त्याचे वडील पिएर गज करायचे, थोरला भाऊ लेओनार करायचा, तिकडे लंडनमध्ये जॉन डॉड जवळजवळ त्याच जागी पोचला होता. इटालियन व्हायोलिनवादक व्हियोत्ती १७८२ साली पॅरिसला आला आणि त्याच्यासारख्या वादकांना मोठ्या सभागृहात ऐकू जाईल असा, टोकापर्यंत ताकद टिकवणारा गज हवा होता. मागणी सगळ्यांपुढे सारखीच होती.

दुसरा: तरीही तुर्तला मी सगळ्यांच्या वर ठेवतो. तो काठी कोरून बाक देत नसे. पर्नाम्बुको या ब्राझीलच्या लाकडाची सरळ रेषेची काठी घ्यायची, आचेवर आतपर्यंत तापवायची आणि मग वाकवायची, म्हणजे लाकडाचा तंतू कुठे तुटत नाही. आणि मनाला न आलेली काठी तो मोडून टाकी म्हणतात. वॉर्निश नाही, प्युमिसची पूड आणि तेल, बस्स. कारागीर ओळखायचा तो या नकारावरून. नवं काय काढलं हा प्रश्न पेटंट कचेरीचा.

कोपऱ्यातला

‘मोडून टाकी म्हणतात’ म्हणजे कोण म्हणतं? तेही लिहा की. हे सगळं येतं फेतीस या संगीत-लेखकाच्या १८५६ च्या पुस्तकातून. पुस्तक स्ट्राडिव्हारीवर, शेवटी तुर्तवर एक प्रकरण. तुर्त जाऊन तेव्हा एकवीस वर्षं झालेली. आणि फेतीसला माहिती पुरवणारा कोण, तर झाँ-बाप्तिस्त व्ह्युयोम, पॅरिसचा सगळ्यात मोठा व्हायोलिन-व्यापारी. त्याच्या कारखान्यातून तुर्तच्या धर्तीचे गज बाहेर पडत होते. मूळ पुरुष जितका थोर तितकी आपल्या मालाची किंमत जास्त, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अक्षरशत्रू होता, लहानपणी घड्याळजीकडे आठ वर्षं उमेदवारी केली, साखरेच्या पिंपांच्या फळ्यांवर हात बसवला, संध्याकाळी सेन नदीत गळ टाकून बसायचा. गोष्ट म्हणून झकास. पण हे आपल्याकडच्या संतचरित्रांसारखं वाटत नाही का तुम्हाला?

मींडप्रेमी

व्ह्युयोमचा स्वार्थ होता, मान्य. पण स्वार्थ असलेला माणूस दर वेळी खोटंच बोलतो असं नाही. त्याला गोष्ट फुगवायचीच असती तर निरक्षर कोळी कशाला रंगवला असता? दरबाराशी नातं जोडलं असतं.

यंत्रविद

चरित्र बाजूला ठेवा, मापं बघा. व्ह्युयोमने तुर्तच्या बऱ्याच काठ्या मोजल्या आणि त्यातून नियम काढला. काठी ७०० मिलिमीटर. मुठीकडचे ११० मिलिमीटर सारख्या जाडीचे, व्यास ८.६. तिथून डोक्यापर्यंत तो ५.३ वर उतरतो. फरक ३.३ मिलिमीटर. हा उतार अकरा बिंदूंवर होतो, दर बिंदूला ०.३ ने कमी, आणि बिंदूंमधलं अंतर डोक्याकडे लहान लहान होत जातं. म्हणजे काठी सुरुवातीला हळूहळू बारीक होते आणि टोकाशी भरभर. वजन मुठीकडे राहतं, टोक हलकं होतं, तरी लुळं पडत नाही.

माझा तुमच्याशी मतभेद इथे आहे. ही नुसती ‘निवड’ नव्हे, ही रचना आहे. कागदावर गणित मांडता येत नव्हतं म्हणून हातात गणित नव्हतं असं कसं म्हणता? जनक हा शब्द मला चालतो.

मींडप्रेमी

पण तो नियम व्ह्युयोमचा! तुर्तने प्रत्येक काठी तिच्या लवचीकतेप्रमाणे छिलली, म्हणून प्रत्येकीचं माप थोडं वेगळं. सरासरी काढणाऱ्याला नियम दिसणारच. तेच माप घेऊन मऊ लाकडावर गज करा, ताण दिला की बाक सरळ होतो की नाही ते बघा.

खरडवही

एक बाळबोध शंका. तुर्त आपल्या गजांवर शिक्का मारत नसे ना? मग आज तुर्तचा गज म्हणून जो दाखवतात तो त्याचाच हे ठरवतं कोण? अप्रतिम दिसला की तुर्तचा, जरा डावा दिसला की दुसऱ्या कुणाचा. असं ठरवत गेलं तर तुर्त अप्रतिमच ठरणार!

केसकरी

खरडवही, शंका बाळबोध नाही, पण उत्तर आहे. मी गजाचे केस बदलून देतो, दुरुस्त्या करतो. तुर्तचा अस्सल गज हाताळायचं भाग्य नाही, पण ओळख कशी पटवतात ते सांगतो. थोडेच का होईना, त्याच्या चिठ्ठीचे गज आहेत. एका चिठ्ठीत लिहिलंय की हा गज तुर्तने १८२४ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी केला. त्यावरून बाकीचे ताडतात. डोक्याच्या गालावरून कानस कुठे वळली, केसांची गाठ बसवायची खाच कशी कोरली, फ्रॉगच्या, म्हणजे मुठीकडे केस धरणाऱ्या सरकत्या ठोकळ्याच्या, आतली पोकळी कशी आहे, हे बघतात. बाहेरची नक्कल करणारे पुष्कळ. आतली खाच कोण बघणार म्हणून तिथे माणूस आपल्या सवयीने कोरतो, आणि तिथेच सापडतो. चुका होतात का? होतात. गजाची किंमत लाखो युरोंत गेल्यावर तर मोह पण होतो.

आचेबद्दल मींडप्रेमींशी शंभर टक्के सहमत. वरवर तापवून वाकवलेली काठी काही महिन्यांत परत सरळ व्हायला लागते. मुंबईच्या पावसाळ्यात केस दमट हवेने लांबतात, लोक स्क्रू पिळत बसतात, आणि दोष मात्र काठीला देतात! ते वेगळं. काठीचा बाक गेला तो मात्र केस बदलून परत येत नाही.

आणि एक, कुणी अजून बोललं नाही म्हणून. केस सपाट, पट्टीसारखे पसरून राहावेत म्हणून फ्रॉगला धातूचं कडं आलं, तेही याच काळात. ते तुर्तचं की दुसऱ्या कुणाचं यावर वाद आहे. फ्रॉग सरकतो तिथली धातूची पट्टी तर ल्युपो नावाच्या गज-कारागिराची मानतात. जनक किती म्हणायचे एका गजाला?

साष्टीकार

आमच्या गोंयात चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकलेल्या पोरांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे ऑर्केस्ट्रे भरले. त्यांतल्या कितींना तुर्त ठाऊक असेल? वाजवत होते ना झकास.

गंभीरपणे बोलायचं तर: तुर्तच्या गजाचं कौतुक आघातासाठी होतं. टोकाशी ठोसा, उसळी घेणारे तुकडे, जोराचा पहिला स्वर. आपल्या हिंदुस्थानी वादनात हे कितीसं लागतं? गजाननराव जोशी, डी. के. दातार यांनी गायकी अंगाने वाजवलं. खाली बसून, लांब श्वासासारखा गज. त्याला चांगला कार्बन फायबरचा गज पुरतो. मग आपण मराठी लोकांनी त्या काठीसाठी इतकं हळवं का व्हावं?

मींडप्रेमी

उलट आहे साष्टीकार बाब. एका गजात अख्खी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, ओढताना मुठीपासून टोकापर्यंत आवाज सारखा राहायला हवा. जुन्या, बाहेर फुगलेल्या गजाचा आवाज टोकाकडे विरून जायचा, तो त्याचा स्वभावच होता. दातारांचा तो न तुटणारा स्वर ज्या प्रकारच्या काठीवर उभा होता ती याच घराण्यातली. कार्बन फायबरवालेही त्याच बाकाची, त्याच उताराची नक्कल करतात.

रानभूल

दोन दिवस वाचतेय, लाकडाबद्दल कुणीच बोलेना. फेतीस म्हणतो, आठ-दहा हजार किलो पर्नाम्बुको धुंडाळलं तर कधी कधी मोजक्याच चांगल्या काठ्या मिळायच्या. तुम्ही त्याला कारागिराचा नकार म्हणता. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं ते जंगल तुटत होतं, तेही गुलामांच्या हातून. २००७ पासून हे झाड आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे. त्या माणसाच्या चोखंदळपणाची गाणी गाताना एवढं तरी आठवा.

यंत्रविद

ताई, ते लाकूड गजासाठी येत नव्हतं. युरोपात ते लाल रंगासाठी यायचं. आम्स्टरडॅमच्या तुरुंगात कैद्यांना ते किसायला बसवत. तुर्तने रंगाऱ्यांच्या ढिगातून काठ्या उचलल्या, उरलेलं रंगालाच गेलं असणार. तोडलेल्या जंगलात त्याचा वाटा चिमूटभर.

रानभूल

तुर्तपुरतं मान्य. पण १८५६ मध्ये, म्हणजे फेतीसचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम रंग काढला आणि पुढे रंगाऱ्यांना या झाडाची गरज उरली नाही. त्यानंतर गजासाठी ओंडका कापला की त्यातलं बाद झालेलं लाकूड घ्यायला तो रंगारी नाही. आजचा कारागीर ‘तुर्तसारखं निवडतो’ म्हणाला, तर टाकलेल्या लाकडाचं काय केलंस हे मी विचारणार. केसकरी, तुमच्याकडे येणाऱ्या नव्या गजांत दुसरी लाकडं किती चालतात? ईपे या दुसऱ्या लाकडाचे गज बरे असतात म्हणे.

केसकरी

येतात. विद्यार्थ्यांना ईपे पुरतं, जड हाताच्या माणसाला तर आवडतंही. बाक धरून ठेवतं. पण माझ्याकडचे बुजुर्ग वादक हातात घेतात, दोन स्वर ओढतात आणि काही न बोलता परत ठेवतात. त्यांना लाकूड कुठलं ते आधी सांगत नाही मी.

कोपऱ्यातला

सांगत नाही म्हणता, पण रंग आणि वजन कळतंच की हो त्यांना! डोळे बांधून ओढायला लावा, मग बोलू.